आरोपी सापडला नाही तरी भरपाई मागता येते: नागपुरात अर्ज कुठे आणि कसा करायचा

"आरोपीच सापडला नाही, तर आम्हाला कोण पैसे देणार?" मारहाणीत हात गमावलेला माणूस किंवा घरचा कर्ता गेलेली बाई हे विचारते, तेव्हा बहुतेकदा महिने उलटून गेलेले असतात. निकालाची वाट पाहत बसू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचं, कलम ३९६ यासाठीच आहे. आरोपीचा पत्ता लागला नाही, खटला उभाच राहिला नाही, तरी पीडिताला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाई मागता येते. पीडित हयात नसेल तर वारस अर्ज करतात, लहान मूल असेल तर पालक.

नागपूरचं प्राधिकरण सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात, म्हणजे न्यायमंदिरात आहे. अर्ज आल्यावर चौकशी दोन महिन्यांत पूर्ण करायची, असं कायदा सांगतो. म्हणून अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या. बलात्कार, बालकांवरचे लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांसाठी मनोधैर्य योजना आहे, तिचा अर्जही इथेच द्यायचा.

कागदांमध्ये सगळ्यांत मोलाची एफआयआरची प्रत. ती फिर्यादीला आणि पीडिताला मोफत मिळते. एका मावशींनी ती रेशनकार्डात घडी घालून ठेवली होती. घडी नेमकी गुन्हा क्रमांकावर फाटली आणि तो आकडा मिळवायला पुन्हा ठाण्याच्या चकरा माराव्या लागल्या. प्रत हाती आली की लगेच दोन झेरॉक्स काढा, मोबाइलवर फोटो ठेवा. सोबत मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांतले उपचाराचे कागद आणि बिलं, आधार, पासबुक जोडा. मृत्यू झाला असेल तर शवविच्छेदन अहवाल, मृत्यूचा दाखला आणि वारस असल्याचा पुरावा लागतो. चार्जशीट दाखल झाली असेल तर तीही.

ठाणेदार तक्रार लिहून घेत नसतील तर तोंडी वाद घालू नका. तक्रारीचा मजकूर लेखी, पोस्टाने वरिष्ठांकडे पाठवा: शहरात पोलीस उपायुक्तांकडे, काटोल-उमरेडसारख्या ग्रामीण भागात पोलीस अधीक्षकांकडे. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. हद्दीचं कारण तर चालतच नाही. गुन्हा कुठेही घडला असो, कोणत्याही ठाण्यात नोंद व्हायलाच हवी. पुढे तपास कुठवर आला, हे पोलिसांनी ९० दिवसांत कळवायचं असतं. कळवलं नाही तर लेखी विचारा, तो तुमचा हक्क आहे.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. फोनवर विचारायचं असेल तर विधी सेवेची १५१०० ही हेल्पलाइन लावा.

आता साक्षीदारांचं. समन्स आलं की माणूस घाबरतो, पण समन्स म्हणजे आरोप नव्हे. महिला, १५ वर्षांखालील मुलं आणि ६० वर्षांवरील माणसं यांना जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनीच घरी यायचं. पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते. कुणी मागितली तर नम्रपणे नाही म्हणा. धमकी येत असेल तर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलेली साक्षीदार संरक्षण योजना आहे. त्यात जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे अर्ज जातो, धोक्याचा अहवाल पोलिसांनी ५ कामकाजाच्या दिवसांत द्यायचा असतो आणि पेशीला पोलीस सोबत देण्याचीही तरतूद आहे. धमकीचा मेसेज पुसू नका, कॉलची तारीख-वेळ वहीत लिहा आणि ती वही अर्जासोबत न्या.