'रिड ऑफ मी' आणि '४-ट्रॅक डेमोज': गाणी तीच, मग अल्बम दोन कशाला?

पीजे हार्वी ही इंग्लिश रॉक गायिका नव्याने ऐकायला घेतली की बहुतेकांची पहिली गडबड इथेच होते. 'रिड ऑफ मी' नावाचं गाणं शोधलं की दोन सापडतात. दोन्ही १९९३ ची, दोन्ही तिचीच, शब्द तेच, आणि तरी एक ऐकून दुसरं लावलं की वाटतं अरे हे काहीतरी वेगळंच आहे. मग लोक ठरवून टाकतात की यातलं एक लाइव्ह असणार, किंवा अकूस्टिक असणार, किंवा नंतर कुणीतरी कपाटातून काढलेला उरलासुरला माल असणार. यातलं काहीच खरं नाही.

आधी सरळ माहिती सांगून टाकते. 'रिड ऑफ मी' हा तिचा दुसरा अल्बम, मे १९९३ मध्ये आला. तेव्हा पीजे हार्वी हे तिघांच्या बँडचंही नाव होतं: ती गिटार आणि गाणं, रॉब एलिस ड्रम्स, स्टीव्ह वॉन बेस. रेकॉर्डिंग अमेरिकेत मिनेसोटामधल्या पॅकिडर्म स्टुडिओत, डिसेंबर १९९२ मध्ये, रेकॉर्डिंग इंजिनीअर स्टीव्ह अल्बिनीने केलं (त्यानंतर दोनच महिन्यांत त्याने तिथेच 'निर्वाना' या बँडचा 'इन यूटेरो' हा अल्बम रेकॉर्ड केला, म्हणजे त्या खोलीत त्या काळात काय चाललं होतं याचा अंदाज येईल). '४-ट्रॅक डेमोज' त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आला (डेमो म्हणजे गाणं स्टुडिओत नेण्याआधी केलेलं साधं रेकॉर्डिंग). त्यात फक्त ती. सगळं तिने घरी कॅसेटवर एकटीने केलेलं, आणि ते 'रिड ऑफ मी'च्या आधीचं. म्हणजे बाहेर आलं नंतर पण बनलं आधी, गोंधळाचं मूळ निम्मं तर इथेच आहे.

दोन्हींवर १४-१४ गाणी. त्यातली ८ सामायिक: 'रिड ऑफ मी', 'लेग्ज', 'स्नेक', 'हुक', '५० फूट क्वीनी', 'एक्स्टसी', 'रब टिल इट ब्लीड्ज', 'युरी-जी'. डेमोजवरची उरलेली ६ 'रिड ऑफ मी'वर नाहीतच, म्हणून "मूळ अल्बम ऐकलाय, डेमो कशाला ऐकू" म्हणणारा माणूस 'रीलिंग' आणि 'हार्डली वेट'सारख्या गाण्यांना मुकतो. ('हार्डली वेट' १९९५ च्या 'स्ट्रेंज डेज' सिनेमात ज्युलिएट लुईस गाते, कित्येकांना ते तिथूनच माहीत असतं.) उलट 'मॅन-साइझ' डेमोजवर नाही, ते मूळ अल्बमवर आहे आणि तिथेही दोनदा, एकदा बँडसोबत आणि एकदा तंतुवाद्यांवर 'मॅन-साइझ सेक्स्टेट' म्हणून. आणि अजून एक गंमत, 'ड्राय' हे तिच्या १९९२ च्या पहिल्या अल्बमचं नाव, पण 'ड्राय' नावाचं गाणं त्या अल्बमवर नाही, ते 'रिड ऑफ मी'वर आहे! हे एकदा डोक्यात बसलं की निम्मा गुंता सुटतो.

आता खरा मुद्दा, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले. कानाला डेमोज उघडंवाघडं वाटतं, म्हणून लोक त्याला लाइव्ह समजतात, आणि 'रिड ऑफ मी' एवढं मोठं वाटतं की ते स्टुडिओत थरावर थर चढवून केलेलं काम असेल असं समजतात. प्रत्यक्षात बरोबर उलट आहे.

फोर-ट्रॅक म्हणजे काय ते बघा. साध्या कॅसेटच्या फितीवर चार पट्ट्या असतात, दोन एका बाजूच्या आणि दोन उलट बाजूच्या. फोर-ट्रॅक मशीन या चारही पट्ट्या एकाच दिशेने वापरतं. म्हणजे आधी एका पट्टीवर गिटार वाजवायची, मग फीत मागे घ्यायची, हेडफोन लावून तीच गिटार ऐकत दुसऱ्या पट्टीवर गायचं, परत मागे, तिसऱ्यावर दुसरा आवाज, असं. (अशी कॅसेट साध्या प्लेअरमध्ये टाकली तर दोन पट्ट्या सरळ आणि बाजू उलटली की उरलेल्या दोन उलट्या ऐकू येतात.) तर डेमोजमध्ये तिच्यासोबत जी कुणी दुसरी बाई गातेय असं वाटतं ती तीच आहे, थोड्या वेळापूर्वीची ती. शीर्षकगीताच्या डेमोत हे नीट ऐका, स्वतःच्याच आवाजाला ती उत्तर देतेय. त्या अर्थाने हे लाइव्ह अजिबात नाही, हे एकट्या माणसाने खोलीत बसून रचत नेलेलं आहे.

आणि अल्बिनीची पद्धत म्हणजे बँडला एका जागी उभं करायचं, वाजवायला लावायचं, आणि जे वाजतंय ते पकडायचं. माइक नुसते ड्रमला चिकटून नाहीत तर लांबही, म्हणजे खोलीचा आवाजही टेपवर येतो. स्वतःला तो प्रोड्यूसर म्हणवून घेत नसे, "रेकॉर्डेड बाय" एवढंच लिहा म्हणायचा आणि रॉयल्टी घेत नसे. म्हणून 'रिड ऑफ मी' जो मोठा वाटतो तो थरांमुळे नाही, तीन माणसं एका वेळी जीव तोडून वाजवतायत म्हणून. मला विचाराल तर लाइव्हच्या जवळ जाणारा अल्बम हाच आहे.

एकच गाणं घेऊन दोन्ही लावून बघा, शीर्षकगीतच घ्या. अल्बमवर ते इतक्या हळू सुरू होतं की हात आपोआप व्हॉल्यूमकडे जातो, तळहाताची कड तारांवर टेकवून दाबलेली गिटार, आवाज जवळजवळ पुटपुटल्यासारखा, तुम्ही व्हॉल्यूम वाढवता, सावरून बसता, आणि मग ड्रम्स आणि गिटार एकदम अंगावर येतात आणि तुम्ही दचकून परत व्हॉल्यूम कमी करायला धावता. हे मुद्दाम केलंय. शांत भाग खरंच शांत ठेवलाय, वर ओढून सपाट केलेला नाही. आणि मध्ये मध्ये जो बारीक उंच पुरुषी आवाज येतो तो रॉब एलिसचा.

डेमोत एवढी दरी पाडताच येत नाही, कारण कॅसेट ते झेपवत नाही. फार हळू वाजवलं तर फितीच्या सूं-सूं आवाजात बुडतं, फार जोरात केलं तर फाटतं. मग सगळा ताण येतो तिच्या गळ्यावर आणि ती मायकला किती जवळ आहे त्यावर. अल्बम लांबून धडक देतो, डेमो कानाशी बसून बोलतो आणि तुम्हाला सरकायला जागा ठेवत नाही. रात्री हेडफोनवर हा डेमो ऐकताना मला नेहमी वाटतं की आपण कुणाचं तरी खाजगी भांडण दाराआडून ऐकतोय.

अल्बम आला तेव्हा एक तक्रार होती की अल्बिनीने तिचा आवाज वाद्यांमध्ये पुरलाय. तक्रार अगदी खोटी नाही, काही गाण्यांत शब्द पकडायला कान ताणावा लागतो. पण डेमोज त्या तक्रारीला दिलेलं उत्तर आहे असं जे म्हटलं जातं ते मला पटत नाही. '५० फूट क्वीनी' अल्बमवरच हवं, ते गाणं आहे जेमतेम अडीच मिनिटांचं आणि ड्रम्सशिवाय त्याचा माज अर्धा होतो. 'युरी-जी'चंही तेच. 'रब टिल इट ब्लीड्ज' मात्र मी दोन्हीकडे तितक्याच आवडीने ऐकते. तर कुठलं खरं आणि कुठलं कच्चं हा प्रश्नच चुकीचा आहे, डेमोज हा खर्डा नाही आणि अल्बम ही पक्की प्रत नाही. एका बाईच्या हातातली गाणी आणि तीन जणांच्या हातातली गाणी, एवढाच फरक, पण तो फार मोठा फरक आहे.

ही सवय तिची आधीपासूनची आहे हेही सांगायला हवं. 'ड्राय'च्या सुरुवातीच्या काही प्रतींसोबतही डेमो दिले होते. २०२० पासून जुने अल्बम परत काढले तेव्हा 'ड्राय' आणि 'टू ब्रिंग यू माय लव्ह'चे डेमो वेगळे अल्बम म्हणून आले. आता तिच्या नावापुढे 'डेमोज' लिहिलेले बरेच अल्बम दिसतात, पण १९९३ चा तो त्याच वर्षी, बँडचा अल्बम ताजा असतानाच आला होता, म्हणून त्याचं वजन वेगळं.

आणि खरोखरच लाइव्ह काय हवं असेल तर दोन गोष्टी. २००६ चा 'द पील सेशन्स १९९१–२००४', बीबीसी रेडिओच्या जॉन पील या निवेदकाच्या कार्यक्रमासाठी केलेली रेकॉर्डिंग्ज, त्यातली पहिली चार १९९१ ची, 'ड्राय' यायच्या आधीची. तिघं किती घट्ट वाजवायचे ते त्यात कळतं.

दुसरी म्हणजे सप्टेंबर १९९३, जे लेनोचा 'टुनाइट शो', हा अमेरिकन टीव्हीवरचा गप्पांचा कार्यक्रम. बँडचा शेवट होत आलेला, उन्हाळ्यात यू-टू या बँडच्या मैफलींआधी वाजवून झालेलं. टीव्हीच्या त्या झगमगीत स्टेजवर ती एकटी येते, एक इलेक्ट्रिक गिटार घेऊन, आणि 'रिड ऑफ मी' गाते. ड्रम्स नाहीत, बेस नाही, आणि रीवाइंड करून दुसरा आवाज भरायची सोयही नाही. रॉबच्या त्या बारीक उंच ओळीसुद्धा तिलाच गायच्या असतात. ती गाते, खालच्या आवाजातून थेट वर उडी मारत, समोर गप्पा ऐकायला आलेले प्रेक्षक बसलेले असताना.