अटॅक वेगळा, अरेस्ट वेगळा: नॉर्मल अँजिओग्राफी कुठे कमी पडते

तरुण माणूस खेळता खेळता कोसळला की मथळा ठरलेला: ‘हार्ट अटॅकने मृत्यू’. घरच्यांचं वाक्यही ठरलेलं: ‘अहो, परवाच तर सगळे रिपोर्ट नॉर्मल आले होते!’ ते रिपोर्ट खरेच असतात, पण बहुतेक वेळा दुसऱ्याच आजाराचे असतात.

अटॅक तुम्हाला ठाऊक आहे. हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते, पुढच्या स्नायूला रक्त मिळत नाही, छातीत दुखतं, घाम फुटतो. माणूस सहसा शुद्धीवर असतो, बोलत असतो. कोलेस्टेरॉल, अँजिओग्राफी, स्टेंट हे सगळं याच्यासाठी.

कार्डिअॅक अरेस्टमध्ये हृदय रक्त ढकलायचंच थांबतं. माणूस काही सेकंदांत बेशुद्ध, नाडी लागत नाही, श्वास बंद किंवा नुसते आचके. अशा माणसाच्या तोंडात अॅस्पिरिन किंवा सॉर्बिट्रेट कोंबणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. १०८ ला फोन लावायचा आणि छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाबत राहायचं. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनच्या मैदानात कोसळलेला फुटबॉलपटू ख्रिस्तियन एरिक्सन वाचला तो जागेवर छाती दाबल्यामुळे आणि डिफिब्रिलेटरच्या, म्हणजे हृदयाला विजेचा धक्का देणाऱ्या यंत्राच्या, शॉकमुळे.

अटॅकमधून अरेस्ट होऊ शकतो, हे खरं. पण रक्तवाहिन्या स्वच्छ असतानाही अरेस्ट होतो, आणि लोक अडखळतात ते इथेच.

प्रत्येक ठोक्यामागे वीज असते आणि ती चालते आयन चॅनलवर. ही पेशीच्या आवरणात बसलेली, विद्युतभार असलेले कण आत-बाहेर सोडणारी प्रथिनं. आधी सोडियम आत घुसतं, मग कॅल्शियम, आणि शेवटी पोटॅशियम बाहेर पडून पेशी पुढच्या ठोक्यासाठी पूर्ववत होते. हृदयाच्या खालच्या कप्प्यांतल्या पेशीत हे सगळं साधारण ३०० मिलिसेकंदांत उरकतं. पोटॅशियम बाहेर पडायला उशीर झाला, तर पेशी सावरायच्या आतच भलतीच वीज उसळू शकते. मग हृदय आकुंचन पावण्याऐवजी नुसतं थरथरतं. खालच्या कप्प्यांत वीज पसरू लागल्यापासून पेशी पूर्ववत होईपर्यंतचं ईसीजीवरचं अंतर म्हणजे ‘क्यूटी’; हा उशीर ते लांबल्यामुळे दिसतो. अँजिओग्राफीत यातलं काहीही दिसत नाही, कारण तिथे चित्र रक्तवाहिन्यांचं असतं.

१९९५ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात मार्क कीटिंग आणि मायकेल सँग्विनेटी यांच्या गटांनी याचा छडा लावला. लाँग क्यूटी, म्हणजे हे अंतर जन्मजात लांब असलेल्या काही घराण्यांत ‘हर्ग’ नावाच्या जनुकात बिघाड सापडला. सँग्विनेटींनी ते जनुक बेडकाच्या अंडपेशींत कामाला लावून तिथला प्रवाह मोजला, तर तो हृदयातल्या एका पोटॅशियम प्रवाहाशी जुळला. हर्ग घडवतं ते याच प्रवाहाचं चॅनल, आणि काही औषधं रोखतात तोही हाच प्रवाह. म्हणजे जन्मजात दोष आणि औषधाचा दुष्परिणाम एकाच चॅनलवर येऊन भिडले.

टर्फेनाडिन ही अॅलर्जीची साधी गोळी. एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक किंवा केटोकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध सोबत घेतलं की यकृतात तिचं विघटन अडायचं, ती रक्तात साठायची आणि हेच चॅनल बंद करायची. १९९८ मध्ये ती अमेरिकेच्या बाजारातून गेली. आज आपल्याकडे सर्रास मिळणारं फेक्सोफेनाडिन हे तिच्याच विघटनातून तयार होणारं रसायन. ते या चॅनलला तसा त्रास देत नाही. हर्गवरची चाचणी आता नव्या औषधांच्या तपासणीचा नेहमीचा भाग आहे.

हर्गचा जन्मजात दोष असलेल्यांना गजराच्या किंवा फोनच्या अचानक आवाजाने हृदयाची अशी थरथर सुरू होऊ शकते. दुसऱ्या एका पोटॅशियम चॅनलच्या दोषात धोका व्यायामाचा, विशेषतः पोहण्याचा. मेंदूला रक्त न मिळाल्याने हातपाय झटकतात, आणि ‘फिट आली’ म्हणून मुलाला वर्षानुवर्षं अपस्माराच्या गोळ्या सुरू राहतात. फिट आलेल्या प्रत्येक मुलाचा एक ईसीजी काढलाच पाहिजे, यावर मी ठाम आहे.

ईसीजीच्या कागदावर एक छोटा चौकोन ४० मिलिसेकंदांचा. ठोके मिनिटाला ६० असताना क्यूटी साडेबारा चौकोनांवर, म्हणजे ५०० मिलिसेकंदांवर गेला, तर तो धोक्याचा. ठोक्यांची गती बदलली की हिशेब दुरुस्त करावा लागतो. हा दोष बहुधा आई किंवा वडिलांकडून येतो. मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. म्हणून घरात तरुण वयात कोणी अचानक गेलं असेल, तर आईवडील आणि सख्ख्या भावंडांचे ईसीजी काढा आणि हृदयरोगतज्ज्ञाला क्यूटी हाताने मोजायला सांगा. मशीनने छापलेल्या आकड्यावर विसंबू नका, आणि एक ईसीजी नॉर्मल आला म्हणून तपास तिथेच थांबवू नका.