फर्मान पोचण्याआधी वाजलेला ढोल

कॅरिबियन समुद्रातल्या मार्तिनिक बेटावर २२ मे रोजी सुट्टी असते. विमानाने पाऊण तासावर असलेल्या ग्वादलूपला ती २७ मे रोजी असते. दोन्ही बेटं फ्रान्सची, दोन्हीकडे युरो चालतो आणि सुट्टीचं कारणही एकच, गुलामगिरीचा अंत. मग तारखा वेगळ्या का? आणि पॅरिसमध्ये ज्या दिवशी फर्मान निघालं ती २७ एप्रिल ही तारीख दोघांपैकी एकही बेट का पाळत नाही? मी मार्तिनिकची राजधानी फोर-द-फ्रान्सला उतरलो तो नेमका सुट्टीचा दिवस होता. दुकानं बंद, रस्ते रिकामे, आणि कुठून तरी ढोल ऐकू येत होता. त्या ढोलाचा या तारखेशी थेट संबंध आहे हे मला दोन दिवसांनी कळलं.

फ्रान्सने ही दोन्ही बेटं १६३५ साली ताब्यात घेतली. आधी तंबाखू लावली, मग ऊस आला आणि उसाने सगळं बदललं. तोडलेला ऊस लगेच गाळावा लागतो, हे कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकाला सांगायला नको. तिथे हंगामात चरक रात्रंदिवस फिरायचे आणि ते फिरवायला आफ्रिकेतून जहाजं भरून माणसं आणली जायची. या माणसांचं काय करायचं याचा कायदा चौदाव्या लुईने १६८५ साली केला. त्याला ‘कोद न्वार’ म्हणतात, म्हणजे काळी संहिता. कलम ४४ सांगतं की गुलाम ही जंगम मालमत्ता आहे. मालक मेला की वारसांमध्ये खुर्च्या-पलंगांसोबत त्यांचीही वाटणी व्हायची. कलम ३८ पळून जाणाऱ्यांसाठी आहे. महिनाभर गायब राहिला तर कान कापायचे आणि खांद्यावर डाग द्यायचा, पुन्हा पळाला तर गुडघ्यामागची शीर कापायची, तिसऱ्यांदा पळाला तर मृत्युदंड. डागासाठी चिन्ह कुठलं, तर फ्रेंच राजघराण्याचं लिलीचं फूल. याच कायद्यात प्रत्येक गुलामाला बाप्तिस्मा देण्याची सक्तीही आहे. आत्मा आहे हे मान्य, तरी माणूस सामानात जमा. या दोन गोष्टी एकाच कागदावर लिहिताना कुणाचा हात अडखळला नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

फ्रान्सने गुलामगिरी दोनदा रद्द केली, हेही फारसं सांगितलं जात नाही. पहिल्यांदा ४ फेब्रुवारी १७९४ रोजी, क्रांतीच्या धामधुमीत. मार्तिनिक तेव्हा इंग्रजांच्या हाती गेलं, त्यामुळे तिथे तो कायदा लागूच झाला नाही. ग्वादलूपचे गुलाम मात्र सुटले. आठ वर्षं ते स्वतंत्र माणसं म्हणून जगले, काही जण फौजेत अधिकारी झाले. मग नेपोलियनने फौज पाठवली. लुई देलग्रेस हा मिश्रवंशीय अधिकारी आणि त्याचे काहीशे साथीदार ज्वालामुखीच्या उतारावर मातुबा इथे घेरले गेले. २८ मे १८०२ रोजी शत्रू आत शिरताच त्यांनी दारूगोळ्याला बत्ती दिली आणि स्वतःसकट सगळं उडवून दिलं. ग्वादलूपवर गुलामगिरी परतली आणि पुढची ४६ वर्षं राहिली. एकदा मिळालेलं स्वातंत्र्य सरकारी कागदाने परत काढून घेता येतं, हे त्या बेटाने भोगलेलं आहे. तिथली माणसं फर्मानांवर चटकन विश्वास का ठेवत नाहीत, ते मातुबाला गेल्यावर कळतं.

१८४८ साली पॅरिसमध्ये पुन्हा क्रांती झाली, प्रजासत्ताक आलं आणि गुलामगिरीविरोधी फ्रेंच नेते व्हिक्तोर शोएल्शेर यांच्या पुढाकाराने २७ एप्रिलला दुसरं फर्मान निघालं. त्यात एक मेख होती. वसाहतीत ते जाहीर झाल्यानंतर दोन महिन्यांनी गुलाम मुक्त होणार होते. ऊसतोड उरकून घ्यायची सोय, असं मार्तिनिकमध्ये लोक आजही सांगतात. फर्मान जहाजात होतं तेव्हा इकडे मार्तिनिकमध्ये सें-पिएर शहराजवळच्या द्युशां यांच्या मळ्यावर रोमें नावाच्या गुलामाला अटक झाली. गुन्हा काय, तर ढोल वाजवणं. कसावाचे कंद किसायला माणसं जमली की ढोल वाजायचा आणि त्या तालावर हात चालायचे, ही जुनी रीत होती. मालकाने ती बंद केली आणि रोमेंने वाजवला. त्याला सोडवायला लोक तुरुंगावर गेले. त्याची सुटका झाली, पण परतणाऱ्या जमावावर गोळ्या चालल्या आणि माणसं पडली. २२ मेच्या रात्री सें-पिएर पेटलं, एका घराला लावलेल्या आगीत तीसहून अधिक जण मेले. दुसऱ्या दिवशी गव्हर्नर रोस्तोलांने पॅरिसच्या कागदाची वाट न पाहता गुलामगिरी संपल्याचं जाहीर केलं. ही बातमी ग्वादलूपला पोचताच तिथल्या गव्हर्नरनेही २७ मेला तेच केलं. दोन महिन्यांची मुदत घातलेलं ते फर्मान मार्तिनिकला जूनमध्ये पोचलं, तेव्हा तिथे मुक्त करायला कुणी गुलाम उरला नव्हता.

म्हणून सुट्टी २२ मेला. स्वातंत्र्य आम्हाला कुणी दिलं नाही, आम्ही घेतलं, असं त्या तारखेचं म्हणणं आहे.

पुढचा हिशेब मात्र पॅरिसनेच केला. १८४९ च्या कायद्याने भरपाई ठरली, ती मालकांना. दर गुलामामागे मार्तिनिकमध्ये सुमारे ४२५ फ्रँक, ग्वादलूपमध्ये सुमारे ४७०. मार्तिनिकमधल्या सुमारे ७४ हजार आणि ग्वादलूपमधल्या सुमारे ८७ हजार मुक्त माणसांना एक फ्रँक नाही, एक गुंठा नाही. पूर्वीच्या मळेवाल्यांचे वंशज, ज्यांना तिथे ‘बेके’ म्हणतात, आज मार्तिनिकच्या लोकसंख्येत एक टक्क्याच्या आसपास आहेत, पण जमीन आणि व्यापार यांतला त्यांचा वाटा या आकड्याशी मुळीच जुळत नाही. १९४६ साली मार्तिनिकचे कवी आणि खासदार एमे सेझेर यांच्या प्रयत्नांनी ही बेटं वसाहत न राहता फ्रान्सचे जिल्हे झाली, तरी हा हिशेब उघडाच राहिला. २००९ साली ग्वादलूपमध्ये महागाईविरुद्ध ४४ दिवसांचा संप झाला. संपाच्या घोषणेत ‘प्वोफितास्यों’ हा क्रेओल, म्हणजे तिथल्या बोलीतला, शब्द होता. त्यात नफा आहे आणि पिळवणूकही आहे, मराठीत त्याला एकच शब्द सापडत नाही.

केळीच्या बागांची गोष्ट याच ओळीतली. क्लोरडेकोन हे कीटकनाशक १९७२ पासून १९९३ पर्यंत तिथे वापरलं गेलं. १९७४ सालीच मार्तिनिकच्या बागांतल्या मजुरांनी संप करून ते बंद करा म्हटलं होतं. फ्रान्सने बंदी घातली १९९० साली आणि त्यानंतरही या बेटांना खास सवलत देऊन आणखी तीन वर्षं ते चालू ठेवलं. आज तिथल्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या रक्तात त्याचा अंश सापडतो.

सुटलेल्या गुलामांनी जुन्या मालकाकडे पडेल त्या मजुरीवर राबायला नकार दिला, तेव्हा मालकांनी आपल्याकडे पाहिलं. मे १८५३ मध्ये पाँडिचेरी-कारिकलकडून गिरमिटियांना घेऊन ‘ओरेली’ नावाचं जहाज मार्तिनिकला लागलं, १८५४ च्या नाताळात तेच ग्वादलूपला गेलं. १८८० च्या दशकात ही वाहतूक थांबेपर्यंत मार्तिनिकला सुमारे २५ हजार आणि ग्वादलूपला सुमारे ४२ हजार भारतीय उतरले होते. बहुतेक तमिळ, पुढे काही कलकत्त्याकडूनही. मी जेवायला बसलो तेव्हा यादीत ‘कोलोंबो’ दिसलं. श्रीलंकेचं काही असेल म्हणून मागवलं, तर समोर आला धने-जिरे-हळदीचा रस्सा. तमिळमधलं ‘कुळंबु’ तिथे कोलोंबो झालं, असं सांगतात. मदुराई वीरन हा ग्रामदेव तिथे ‘माल्देविदान’ झालाय आणि त्याच्यापुढे अजून बोकड पडतो. बायका सणाला डोक्याला चौकड्यांचं जे कापड बांधतात त्याचं नावच ‘मद्रास’. ते मात्र गिरमिटियांच्या कितीतरी आधी व्यापारी कंपन्यांच्या जहाजांतून आलं होतं. त्याच्या बांधणीत टोकं मोजतात: एक टोक म्हणजे मन मोकळं, दोन म्हणजे गुंतलेलं, तीन म्हणजे लग्न झालेलं. चार टोकं म्हणजे गुंतलेलं असलं तरी जागा आहे! ही चौथी खूण सांगताना बाजारातली मावशी इतकी हसली की शेजारच्या दोघी वळून बघायला लागल्या.

हे सगळं मिळून क्रेओल. शब्द इबेरियन, मूळ अर्थ ‘इथेच वाढलेला’. सुरुवातीला बेटावर जन्मलेल्या गोऱ्यालाही क्रेओल म्हणत आणि बेटावर जन्मलेल्या गुलामालाही. आपल्याकडे अशा संस्कृतीला पटकन ‘खिचडी’ म्हणतात. मला तो शब्द पटत नाही, खिचडीत डाळ-तांदूळ आपण मर्जीने घालतो. इथे एकमेकांची भाषा न समजणारी माणसं एका मळ्यावर कोंबली गेली आणि त्यांनी मालकाच्याच शब्दांतून नवी भाषा उभी केली. शब्द फ्रेंच, पण चाल वेगळी. क्रियापद हलत नाही, काळ पुढच्या छोट्या शब्दांनी कळतो: ‘म्वें का मांझे’ म्हणजे मी खातोय, ‘म्वें ते का मांझे’ म्हणजे खात होतो, ‘म्वें के मांझे’ म्हणजे खाईन. पाणी म्हणजे ‘द्लो’, पक्षी म्हणजे ‘झ्वाझो’. मॉरिशसला जाऊन आलेल्यांना हे ओळखीचं वाटेल, तिथे पाण्याला ‘दिलो’ म्हणतात आणि पक्ष्याला ‘झ्वाझो’च. कोकणातून तिकडे गेलेल्या मराठी घरांतही आता ती क्रेओल बोलली जाते. जगाच्या दोन टोकांना दोन भावंडं वाढली, आणि दोघांच्याही घरी ऊसच होता.

खारवलेल्या कॉडची भजी, ‘आक्रा’, तिथे कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतात. नाव पश्चिम आफ्रिकेचं, मासा उत्तर अटलांटिकचा. काळ्या संहितेत गुलामाचा आठवड्याचा शिधा लिहिलेला आहे: कसावाचं पीठ आणि खारवलेलं मांस किंवा मासळी. त्या शिध्याची चटकदार भजी कुणी केली त्याची नोंद कुठेच नाही. मयताच्या रात्री गोष्टी सांगायची रीतही तशीच. सांगणारा ओरडतो ‘ये क्रिक!’, ऐकणारे उत्तर देतात ‘ये क्राक!’, आणि मग वाघाला फसवणाऱ्या सशाची गोष्ट सुरू होते. पंचतंत्रातल्या सशाचा हा लांबचा भाऊबंद. मळ्यावर ससा कोण आणि वाघ कोण, हे कुणाला समजावून सांगावं लागत नसे.

ग्वादलूपच्या ‘ग्वो का’ ढोलवादनाला २०१४ साली युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. त्याच्या सात तालांतल्या एकाचं नाव ‘ग्राज’ आहे, म्हणजे किसणं. कसावा किसण्याचा ताल. रोमेंला ज्या कामाच्या ढोलासाठी पकडलं, त्याची शेजारच्या बेटावरची ही बहीण.

२२ मे २०२० रोजी मार्तिनिकच्या तरुणांनी शोएल्शेर यांचे दोन पुतळे पाडले. जुलैमध्ये नेपोलियनची बायको जोझेफिन हिचाही पाडला. ती मार्तिनिकच्याच मळेवाल्याची लेक, तिचं मुंडकं १९९१ पासून गायब होतं आणि नगरपालिकेने ते परत बसवलं नव्हतं. जोझेफिनसाठी फारसं कुणी रडलं नाही. शोएल्शेर यांच्यावरून मात्र घराघरांत भांडणं झाली. त्यांनी आयुष्य या कामात घातलं होतं, मग त्यांच्यावर राग का? फोर-द-फ्रान्सचा पुतळा सुटका झालेल्या लेकराला जवळ घेतलेला होता. रोमेंला अशी जागा कधी मिळाली नाही, हे पाडणाऱ्यांचं म्हणणं. मला जोतीराव फुल्यांची आठवण झाली. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या दास्यमुक्तीच्या पाठीराख्यांना अर्पण केली, आणि आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा अशी इच्छा त्याच ओळीत लिहिली. आभार तिकडच्यांचे, टोला इकडच्यांना. त्याच साली प्वेर्तो रिकोत गुलामगिरी संपली, क्युबात ती आणखी तेरा वर्षं चालली.

फोर-द-फ्रान्सला लागून असलेल्या गावाचं नाव अजून शोएल्शेरच आहे. पूर्वी त्याला काझ-नाव्हीर म्हणत. बसमध्ये शेजारी बसलेल्या आजोबांना मी विचारलं, आता हे नावही बदलणार का? ते म्हणाले, नाव राहू दे, पण सुट्टी २२ मेचीच.