कोची विमानतळाची सौर वीज आणि कार्बनचा हिशोब

कोची आंतरराष्ट्रीय विमानतळ, म्हणजे नेडुंबसेरीचा, १९९९ मध्ये सुरू झाला, सरकारचे आणि परदेशी राहणाऱ्या मल्याळी लोकांचे वगैरे पैसे एकत्र करून उभा केलेला. पण आज त्याचं नाव निघतं ते सोलरमुळे. १८ ऑगस्ट २०१५ ला कार्गोजवळच्या साधारण ४५ एकरावर १२ मेगावॉटचा प्लँट चालू झाला आणि पूर्ण सौर वीजेवर चालणारा जगातला पहिला विमानतळ म्हणून तो गाजला. सुरुवात मात्र २०१३ मध्ये टर्मिनलच्या छतावरच्या फक्त १०० किलोवॉटच्या पॅनेलनी झाली होती, जमतंय का ते आधी बघून घेतलं. २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' पुरस्कारही मिळाला.

आता "पूर्ण सौर" म्हटलं की पहिला प्रश्न येतो, रात्री काय करतात? तर तिथे बॅटऱ्यांचा ढीग वगैरे नाहीये, दिवसा जास्तीची वीज केरळच्या वीज मंडळाच्या ग्रीडमध्ये सोडायची आणि रात्री तेवढीच परत घ्यायची, बँकेत पैसे टाकून काढल्यासारखं. म्हणजे रात्री रनवेचे दिवे ज्या वीजेवर लागतात ती त्या क्षणी कुठूनही आलेली असू शकते, वर्षाचा हिशोब जुळला म्हणजे झालं. हे फसवणं नाही, पण जाहिरातीत एवढं कोणी सांगत नाही.

पॅनेलच्या खाली भाजीपाला लावतात हा भाग मला सगळ्यात आवडतो. पॅनेलवर धूळ बसली की वीज कमी होते म्हणून ती धुवावी लागतात, आणि ते पाणी वाया न जाता खाली भाजीला मिळतं.

ऑगस्ट २०१८ च्या पुरात पेरियार नदी फुगली, पाणी विमानतळात शिरलं, सोलर प्लँटही सुटला नाही, आणि १५ ते २९ ऑगस्ट विमानं बंद होती. पावसाळ्याची दुसरी अडचण रोजचीच, ढग आले की सौर वीज घटते. त्यावर त्यांनी २०२१ मध्ये कोळीकोड जिल्ह्यात अरिप्पारा इथे ४.५ मेगावॉटचा छोटा जलविद्युत प्रकल्प सुरू केला, जो नेमका पावसाळ्यातच जोरात चालतो. २०२२ मध्ये पय्यन्नूरला आणखी १२ मेगावॉट सोलर आलं.

हे सगळं विमानतळाच्या कार्बन हिशोबात, म्हणजे त्याच्यामुळे किती कार्बन हवेत जातो त्या मोजणीत, कुठे बसतं? त्यात तीन खाती असतात: स्कोप १ म्हणजे स्वतःचं डिझेल, जनरेटर, गाड्या, स्कोप २ म्हणजे विकत घेतलेली वीज, स्कोप ३ म्हणजे विमानं, प्रवाशांच्या टॅक्सी, बाकी सगळं. कोचीने मुख्यतः दुसरं खातं साफ केलं. मुंबई विमानतळाने २०२२ मध्ये १०० टक्के हरित वीज घेतली, पण कोचीसारखी मोकळी जागा मुंबईत कुठली, त्यामुळे तिथे जागेवरची सौर वीज थोडी आणि बरीचशी बाहेरून घेतलेली जल-पवन ऊर्जा. मुंबईचं नेट झिरोचं, म्हणजे कार्बनचा निव्वळ हिशोब शून्यावर आणायचं, टार्गेट २०२९ चं आहे आणि तेही विमानतळाच्या स्वतःच्या कामकाजापुरतं.

विमानांच्या बाबतीत विमानतळाच्या हातात फार नसतं, तरी एक गोष्ट असते. गेटवर उभं असलेलं विमान एसी आणि दिव्यांसाठी शेपटीतलं छोटं इंजिन चालू ठेवतं, तोच घरघर आवाज बसमधून उतरताना कानावर येतो. गेटवर जमिनीवरून केबलने वीज आणि पाइपने थंड हवा दिली की ते बंद ठेवता येतं, इंधन वाचतं. एकदा विमान उडालं की पुढच्या धुरावर मात्र विमानतळाचं काही चालत नाही, तोही स्कोप ३ मध्येच.