प्रमाणित बांधकाम घटक

इमारतीचे भाग ठरलेल्या मापांत आधीच तयार करून जागेवर फक्त जोडण्याची पद्धत. वीट, ब्लॉक, कौल, चौकट, फरशी, गटारावरची ढापी हे सगळे तिच्यात येते.

सातारा-सांगली भागात नाव नवे असले तरी रीत जुनी आहे. वाड्यांच्या काळात घर खणांत मोजत. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. ‘पाच खणी सोपा’ (सोपा म्हणजे घराचा पुढचा भाग) एवढे सांगितले की खांब किती, तुळया किती, हे सुताराला उमगे. सांधे खाचा-खुंट्यांचे असल्याने घर उतरवले तरी लाकूड दुसऱ्या घराला लागे. मंगळुरी कौलाचेही तसेच. बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रचारक संस्थेने १८६५ साली मंगळूरला त्याचा कारखाना काढला, आणि पुढे छपरावरच्या रिपांमधले अंतर कौलच ठरवू लागले. पाडलेल्या घराची कौले नि वासे घ्यायला आजही गिऱ्हाईक मिळते. स्लॅबच्या राडारोड्याला कोण विचारतो?

माप चुकल्याची किंमत विटेच्या भिंतीत दिसते. कोपऱ्याला पूर्ण वीट बसत नाही, गवंडी थापीच्या फटक्याने तिचा अद्धा करतो, वेडावाकडा तुकडा पायाशी पडतो. संध्याकाळी त्याच तुकड्यांची भरणी होते. भारतीय मानकातली मॉड्युलर वीट १९० × ९० × ९० मिमी असते. १० मिमीची दर्ज, म्हणजे विटांमधला मसाल्याचा थर, धरली की २०० × १०० × १००, म्हणजे घनमीटरला बरोबर ५०० विटा. खोल्या १०० मिमीच्या पटीत आखल्या तर फोडाफोड खूपच कमी होते. पण कृष्णाकाठची गावठी वीट साधारण ९ इंची, त्यातही भट्टीगणिक वेगळी. विटेचा वाकडेपणा सिमेंट-वाळूच्या मसाल्यात लपतो आणि सिमेंट जास्त जाते. सिमेंट तयार करताना मोठ्या प्रमाणावर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्यामुळे हे नुकसान मालकाच्या खिशापुरते राहत नाही. औष्णिक वीज केंद्रांच्या राखेपासून बनणाऱ्या एएसी ब्लॉकची, म्हणजे हवेची छिद्रे असलेल्या हलक्या काँक्रीटच्या ठोकळ्याची, मापे नेमकी असतात. तो पातळ थरावर बसतो आणि सुपीक मातीही वाचते.

साच्यातली सिमेंटची चौकट हे त्याहून साधे उदाहरण. ७ × ३ फुटी चौकट तयार मिळते. ऑगस्ट २०१९ सारखा पूर सांगलीत शिरला की लाकडी चौकट फुगते, दार अडते. सिमेंटची फुगत नाही.

भिंती नि स्लॅब आख्खे ओतून आणायचे तर मात्र सगळी मदार सांध्यांवर येते. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप पाहिलेल्या जिल्ह्यात सळ्या नीट न गुंतवलेला सांधा चालणार नाही. शिवाय असे भाग उचलायला हायड्रा, म्हणजे चाकांवरची क्रेन, लागते, आणि साताऱ्याच्या जुन्या पेठांतल्या बोळांत ती वळत नाही. तिथे दोघांना उचलेल एवढाच घटक उपयोगाचा.