शेण-लेंडी तपासणीचा अर्ज: कोणी करायचा, सोबत काय द्यायचं

जनावर खंगत चाललंय, जबड्याखाली पाणी साठलंय, वासराला पातळ हगवण लागलीय किंवा जंतनाशक पाजूनही फरक पडत नाही, अशा वेळी शेण तपासून घ्यावं. अर्ज मालकाने किंवा जनावर सांभाळणाऱ्याने करायचा. तो पशुवैद्यकामार्फत गेला तर उत्तम. निरोगी दिसणाऱ्या कळपाचे नमुनेही देता येतात.

अर्जात मालकाचं नाव-पत्ता, कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक किंवा दुसरी ओळख, वय, लक्षणं आणि नमुना घेतल्याची वेळ लिहा. आधी कोणतं जंतनाशक, किती आणि कधी दिलं, हा रकाना रिकामा सोडू नका. औषध लागू पडलं का, हे ठरवायला औषधाच्या दिवशी एक आणि 10 ते 14 दिवसांनी दुसरा नमुना लागतो.

हातमोजा घालून थेट गुदाशयातून 10-20 ग्रॅम शेण घ्या. जमिनीवरच्या शेणात मातीतल्या अळ्या मिसळतात. डबी काठोकाठ भरा, फ्रीजमध्ये ठेवा, पण बर्फाच्या कप्प्यात नको. दिवसभर गरम गाडीत राहिलेल्या डबीतली अंडी उबतात. मग भिंगाखाली नुसत्या अळ्या वळवळताना दिसतात, मोजणार काय?

नुसतं ‘जंत तपासा’ लिहून भागत नाही. यकृतातल्या चपट्या कृमीची अंडी जड असतात, मिठाच्या द्रावणात नीट तरंगत नाहीत, तळाला बसवून शोधावी लागतात. क्रिप्टोस्पोरिडियम हा हगवण लावणारा सूक्ष्म परजीवी दिसायला नमुना वेगळ्या पद्धतीने रंगवावा लागतो, म्हणून वासराला हगवण असेल तर या परजीवीचं नाव अर्जात आवर्जून लिहा. तो शेणावाटे हाताला आणि हातातून तोंडात जातो. लहान मुलांना आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना तो फार छळतो, पाण्यातल्या क्लोरीनलाही सहज दाद देत नाही. घरात कुणाला जुलाब होत असतील तर वासरू आजारी असल्याचं डॉक्टरांना सांगा.

अहवालानुसार औषध मिळालं की दूध-मांस किती दिवस वापरायचं नाही, हे तिथेच विचारून घ्या.

आणि मेंढपाळांनो, अहवाल स्वच्छ आला म्हणून निर्धास्त राहू नका. हायडॅटिडच्या, म्हणजे कुत्र्याच्या आतड्यातल्या फीतकृमीमुळे होणाऱ्या पाणी भरलेल्या गाठी मेंढीच्या यकृतात, फुप्फुसात असतात, पण लेंडीत काहीच सापडत नाही. अंडी पडतात कुत्र्याच्या विष्ठेतून, आणि ती पोटात गेली की माणसाच्या यकृतातही तशाच गाठी होतात. म्हणून कळपाच्या कुत्र्यासाठी प्राझिक्वांटेल हे फीतकृमीवरचं औषध पशुवैद्यकाकडून त्याच भेटीत लिहून घ्या, आणि गाठी असलेलं काळीज-फुप्फुस त्याच्यापुढे टाकू नका.