गावरान कोंबडीचं फलित अंडं ओळखणं

परसातल्या कोंबडीचं अंडं जीव धरलेलं म्हणजे फलित आहे का वांझ, हे तपासायच्या पद्धती. कोंबडी अंडं घालते त्याचा कोंबड्याशी संबंध नाही, तो नसला तरी ती घालतच राहते, फक्त त्यातून पिल्लू निघत नाही. लेअर फार्मची, म्हणजे फक्त अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्या फार्मची, दुकानात मिळणारी अंडी अशीच वांझ असतात कारण तिथे कोंबडा ठेवतच नाहीत. उलट कोंबडा विकून टाकला तरी पुढचे आठ-दहा दिवस फलित अंडी मिळू शकतात, कारण कोंबडीच्या पोटात शुक्राणू साधारण दोन आठवडे टिकतात.

बाहेरून बघून काहीच कळत नाही. पाण्यात टाकून फक्त ताजं का शिळं एवढंच समजतं. बलकावर लाल ठिपका दिसला की लोक म्हणतात जीव धरला, पण तो बारीक रक्तवाहिनी फुटल्याचा डाग असतो आणि वांझ अंड्यातही सापडतो. बलकाला चिकटलेली पांढरी दोरीसुद्धा प्रत्येक अंड्यात असते, ती बलक मधोमध धरून ठेवते.

फोडून बघायचं तर बलकावरचा पांढरट ठिपका शोधायचा. तो दोन्हीत असतो, पण वांझ अंड्यात बारीक, भरीव, वेड्यावाकड्या कडेचा, आणि फलित अंड्यात ४ मिलिमीटरच्या आसपास, गोल, कडेला कड्यासारखी रेघ असलेला. चवीत आणि पोषणात फरक काही नाही, ताजं फलित अंडं बिनधास्त खावं. खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसू पाहणारी, कोंबडी बसवायच्या आधी त्याच दिवसांतली दोन-तीन अंडी अशी फोडून बघितली तर कोंबडा कामाचा आहे का याचा अंदाज येतो.

न फोडता बघायचं असेल तर अंडी कोंबडीखाली ठेवून सहा-सात दिवस थांबावं लागतं. मग रात्री अंधारात मोबाईलचा टॉर्च अंड्याच्या बोथट टोकाला लावायचा, हाताची मूठ भोवती धरायची म्हणजे उजेड बाजूने सांडत नाही. कोळ्याच्या पायांसारख्या लाल शिरा दिसल्या तर जीव आहे, नुसतं स्वच्छ पिवळं दिसलं तर वांझ. तपकिरी कवचात नीट दिसत नाही, तिथे अजून एक-दोन दिवस जाऊ द्यावेत.

आणि टॉर्चच्या उजेडात शिरांऐवजी लाल कडं दिसलं तर? ते अंडं वांझ नव्हतं, जीव धरून मेलं, आणि इथेच बिचाऱ्या कोंबड्यावर फुकट खापर फुटतं. साधारण २० अंशांच्या खाली आतली वाढ थांबून राहते, उबवायला ३७.५ अंश लागतात, आणि एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पत्र्याखाली ठेवलेलं अंडं कोंबडी बसायच्या आधीच अर्धवट वाढायला लागतं आणि मरतं. म्हणून उन्हाळ्यात उबवणीची अंडी ओल्या वाळूत रोवलेल्या मडक्यात, टोकदार बाजू खाली करून ठेवावीत आणि आठवड्याच्या आत कोंबडीखाली घालावीत.